तपासणीला तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात. गालातल्या चट्ट्याचं पुढे काय करायचं?

उपकेंद्र_निफाड
तीस वर्षांवरच्यांच्या तपासणीत एक पेशंट सापडलाय. वय ५२, द्राक्षबागेत कामाला. तंबाखू-चुना वीस-पंचवीस वर्षं, गोळी कायम डाव्या गालात. नेमका तिथेच रुपयाएवढा पांढरा चट्टा आहे, मधे लालसर, खरबरीत भाग. पाच आठवडे झाले. कुणीतरी तोंड आल्याचं जेल आणि बी-कॉम्प्लेक्स देऊन ठेवलंय. तोंड दोन बोटंच उघडतं. घरचे म्हणतात तुकडा काढला की पसरतो, त्यापेक्षा तिथली हलणारी दाढ काढून घेऊ, आणि बाकीचं गोडी छाटणी उरकली की बघू. फोटोवरून निदान मागत नाहीये. क्रम सांगा: कुठे पाठवू, काय व्हायला हवं, किती दिवसांत?

मुखरोग
सगळ्यात आधी: दाढ काढू देऊ नका. चट्ट्याशेजारची दाढ आपोआप हलायला लागली असेल तर गाठ हिरडीत किंवा हाडात शिरल्याची शंका घ्यावी लागते. ती उपटली की गाठीला जबड्यात उतरायला उघडा खड्डा मिळतो. जखम भरत नाही, आणि ‘दात काढल्याची जखम आहे, भरेल’ म्हणत आणखी महिना जातो.

पांढऱ्या चट्ट्यात लाल भाग दिसला की धोका वाढतो. नुसत्या पांढऱ्यापेक्षा लाल किंवा लाल-पांढऱ्या मिश्र चट्ट्यात कॅन्सर निघण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा कुठलाही व्रण बायोप्सीचाच, म्हणजे तुकडा काढून तपासायचा. तुमच्याकडे पाच झालेत, म्हणजे जेल लावून वाट बघायची मुदत संपली. त्या जेलमध्ये स्टेरॉइड असेल तर चुरचुर थांबते आणि माणूस निर्धास्त होतो, एवढाच त्याचा ‘गुण’.

दोन बोटांचं काय, ते त्याला नीट विचारा. तिखट खाल्लं की जळजळ, गालात दोरीसारखे पांढरट पट्टे, तोंड वर्षानुवर्षं हळूहळू आखडत आलेलं, असं असेल तर सुपारीमुळे होणारा सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे गालाचं अस्तर कडक होत जाणं. (मावा, गुटखा खायचा का तेही विचारा, लोक फक्त तंबाखू सांगतात.) पण चार महिन्यांपूर्वी तीन बोटं जात होती आणि आता दोनच, असं असेल तर गाठ चावण्याच्या स्नायूंपर्यंत गेली असण्याची शक्यता धरून चला, आणि चिठ्ठीवर तसं ठळक लिहा.

पाठवायला त्र्यंबक नाक्यावरच्या जिल्हा रुग्णालयाचा दंत विभाग किंवा पंचवटीतलं डेंटल कॉलेज. काम जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांचं असतं. तुकडा व्रणाच्या कडेवरून घ्यायचा, लाल भागातून आणि पुरेसा खोल. मधला सडका भाग घेतला तर रिपोर्टात ‘नेक्रोटिक टिश्यू’ येतं आणि सगळं परत करावं लागतं. चट्टा छोटा दिसला म्हणून कुणी तो अख्खाच कापून टाकू नये. मग ऑपरेशन करणाऱ्याला मूळ कड कुठे होती तेच कळत नाही.

पसरण्याबद्दल घरच्यांना एवढंच सांगा की तोंडातल्या व्रणाचा कडेचा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. लोकांना तसं वाटतं कारण तुकडा काढल्यावर ते दोन-तीन महिने कुठे फिरकतच नाहीत, आणि तेवढ्यात गाठ वाढलेली असते. वाढ होते त्या महिन्यांची, नाव होतं तुकड्याचं.

स्लाइडवाला
वरच्यात एक जोडतो. तुकडा लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात. सलाइनमध्ये टाकून दिवसभर टेबलावर ठेवलेले नमुने कुजतात आणि रिपोर्ट अर्धवट येतो. डबीवर, झाकणावर नव्हे, नाव, बाजू आणि जागा लिहा. झाकणं बदलतात. रिपोर्टाला साधारण आठवडा धरा.

मानेत गाठ लागली तर तिची सुईने तपासणी, म्हणजे एफएनएसी. मानेतली गाठ सुटी कापून काढायला लावू नका, पुढचं मानेचं ऑपरेशन बिघडतं. आणि रिपोर्टाच्या कागदाबरोबर पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड्स मागून घ्या. परळला टाटामध्ये किंवा कुठेही दुसरं मत घ्यायचं तर नुसत्या कागदावर भागत नाही.

जबडा_मान
रिपोर्टात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाचा नेहमीचा कॅन्सर, आला असं धरून पुढचं सांगतो.

चेहरा आणि मानेचा कॉन्ट्रास्ट सीटी. आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी. गालाच्या गाठीसाठी रेडिओलॉजिस्टला ‘गाल फुगवून’ सीटी करायला सांगा. गाल आणि हिरडी चिकटलेली दिसली तर गाठ नेमकी कशातून उगवली ते कळत नाही. याचं तोंड आखडलेलं असल्याने फुगवणं जमेलच असं नाही, पण सांगून ठेवा. लहान गाठीला सरसकट पेट-सीटी लागत नाही.

तोंडाच्या कॅन्सरला पहिला इलाज ऑपरेशन. भोवतीचा किमान ५ मिमी निरोगी भाग धरून गाठ काढतात, लागला तर जबड्याचा काठ किंवा तुकडा, आणि मानेतले लिम्फ नोड (कॅन्सर पसरतो त्या गाठी). ‘मानेत काहीच लागत नाही, मग मान कशाला कापता?’ हा प्रश्न हमखास येतो. टाटा मेमोरियलच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत मान आधीच साफ केलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, गाठ आल्यावर करू म्हणून थांबलेल्यांत ६७.५ टक्के. घरच्यांना हेच आकडे दाखवा.

नंतर शेक (रेडिएशन) लागणार की नाही ते ऑपरेशनच्या रिपोर्टावर ठरतं. लागला तर ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. साधारण ६० ग्रे (शेकाची मात्रा), ३० भागांत, आठवड्याला पाच दिवस. कॅन्सर लिम्फ नोडच्या आवरणाबाहेर आला असेल किंवा कडेला कॅन्सर राहिला असेल तर सोबत सिस्प्लॅटिन, हे केमोचं औषध. त्याआधी किडनी आणि ऐकू येणं तपासतात.

इथे दातांची गंमत बघा. ऑपरेशनआधी दाढ काढायची नाही, पण शेकाआधी किडलेले दात काढायचेच, किमान दोन आठवडे अगोदर. शेकानंतर काढले तर जबड्याचं हाड मरू शकतं.

शेकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, जेवण बंद होतं. एक लिटर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा, दिवसातून सहा-आठ गुळण्या. वजन उतरलं की शेक देताना डोकं हलू नये म्हणून लावतात तो चेहऱ्याचा मास्क सैल होतो, नेम चुकतो, परत प्लॅनिंग करावं लागतं. म्हणून नळीतून का होईना, पोटात गेलं पाहिजे. आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम शेक चालू असतानाही करायचा, जमेल तशी एकेक काडी वाढवत.

अर्जफाटे
पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक तिन्ही येतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पांढरं रेशनकार्डही आता चालतं. रुग्णालय अंगीकृत (योजनेत सामील) हवं, आणि पैसे भरायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठायचं. अडतं कुठे, तर रेशनकार्डावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’. नावातला फरक बायोप्सीचा रिपोर्ट यायच्या आठवड्यातच दुरुस्तीला टाका. सीटीसुद्धा बाहेर करण्याआधी विचारा, योजनेत बसतो का.

मुंबईला जायचं ठरलं तर रुग्णालयाकडून रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यानिशी घ्या. रुग्णाला चेअर कार आणि सेकंड क्लासमध्ये ७५ टक्के, स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट. सोबतच्या एकालाही मिळते, पण स्लीपर आणि थर्ड एसीत त्याला ७५ टक्केच. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलं की परळ जवळच.

उपकेंद्र_निफाड
उद्याच पाठवते. घरचे विचारणार, वाचतो का?

जबडा_मान
पहिल्या टप्प्यात पाच वर्षं ओलांडणारे साधारण दहात आठ. चौथ्या टप्प्यात तीन-चार. मानेत एक गाठ पक्की लागली की शक्यता जवळपास निम्मी होते. याचा टप्पा सीटीशिवाय सांगता येणार नाही, कुणी सांगितला तरी ऐकू नका. छाटणीला बदली माणूस मिळतो, हे मात्र सांगा.

मुखरोग
आणि सोबत बायको येईल तिचंही तोंड बघा. मिश्री लावते का विचारलं तर ‘दातांना लावते, खात नाही’ म्हणेल. खालचा ओठ बाहेर ओढून हिरडी आणि ओठाच्या मधली खाच टॉर्चने बघा, दोन्ही टोकांपर्यंत. मिश्री तिथेच साचते.