आत्मप्रकटीकरण, आत्माविष्कार, आत्मनिवेदन... नक्की कुठे काय वापरायचं?

पिंपळपान:
समुपदेशनाच्या कोर्ससाठी मराठीत टिपणं काढतेय आणि सेल्फ-रिव्हिलेशनपाशी गाडं अडलंय. एका जुन्या टिपणात आत्मप्रकटीकरण दिलंय, दुसऱ्यात आत्माविष्कार, आणि मैत्रीण म्हणते आत्मनिवेदन टाक, कानाला बरं वाटतं. मला तिन्ही एक वाटत नाहीत पण फरक काय ते सांगताही येत नाही. शिवाय सेल्फ-डिस्क्लोजर म्हणजे हेच की आणखी वेगळं? शब्दकोश बघून झालेत, तिथे एकाचा अर्थ म्हणून दुसरा दिलाय आणि दुसऱ्याचा पहिला, त्यामुळे प्लीज उदाहरण देऊन सांगा.

उगाच_एक:
आत्मनिवेदन आधी काढा. नवविधा भक्तीतली शेवटची भक्ती ती, दासबोधात चौथ्या दशकाचा नववा समास अख्खा तिच्यावर आहे. तिथलं निवेदन म्हणजे वाहून टाकणं, अर्पण. मी कोण हे शोधत जायचं आणि शेवटी तो मीच शिल्लक राहत नाही असा सगळा मामला. तुमच्या क्लायंटला तर आत्ता कुठे "मला काय वाटतं" हे बोलायचंय, त्याचा मी कशाला काढून घेताय :)
आत्माविष्कार कलेसाठी ठेवा. गायिका मैफिलीत स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाही तरी तिच्या गाण्यात तिचा आत्माविष्कार असतो असं आपण म्हणतो, त्यात माहिती नसते. आणि हिंदी नोट्सवरून उतरवत असाल तर जपून, तिकडे आविष्कार म्हणजे नवीन शोध लावणं.

वाचनवेडी:
+१. डिस्क्लोजर आणि रिव्हिलेशनबद्दल मी लिहिते. मराठीत "उघड करणं" आणि "उघड होणं" अशी दोन क्रियापदं आहेत ना, फरक जवळपास तोच. डिस्क्लोजर म्हणजे ठरवून सांगणं, काय सांगायचं किती सांगायचं हे सांगणाऱ्याच्या हातात. सिडनी जुरार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९५८ च्या सुमारास यावर अभ्यास सुरू केला, कोण कुणाला काय सांगतं, आईला किती, मित्राला किती. पुढे १९७३ मध्ये ऑल्टमन आणि टेलर या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की नातं वाढतं तसं आपण आधी वरवरचं खूप विषयांवर बोलतो आणि आतलं हळूहळू, कांद्याचे पापुद्रे निघावेत तसं.
रिव्हिलेशनमध्ये हे सगळं येतंच पण न ठरवता जे दिसतं तेही येतं. समजा एक बाई सांगतायत की मोठ्या भावाचं मला काहीच वाटत नाही हो, तो विषय कधीच संपला, आणि हे सांगताना हातातल्या कागदाच्या बारीक बारीक चिंध्या करतायत, शिवाय तासाभरात विषय फिरून फिरून भावावरच. त्यांनी सांगितलं काहीच नाही पण कळलं सगळं.
जोहरी खिडकी तुमच्या कोर्समध्ये असेलच, जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांची, १९५५ ची, जो आणि हॅरी मिळून जोहरी. आपल्याबद्दल आपल्याला काय माहीत आणि इतरांना काय माहीत यावरून पडणारे चार खाने. तिच्यात झाकलेल्या, म्हणजे फक्त आपल्यालाच माहीत असलेल्या खान्यातलं काही आपण स्वतः खुल्या खान्यात नेतो ते डिस्क्लोजर. चिंध्यावाली गोष्ट मात्र आंधळ्या खान्यातली, समोरच्याला दिसते आणि आपल्याला नाही.

फक्त_वाचक:
सहसा लिहीत नाही पण प्रकटीकरण या शब्दाला एक वजन आहे ते लक्षात घ्या. मराठी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं नावच प्रकटीकरण. गीतेचा अकरावा अध्याय घ्या, अर्जुन रूप दाखव म्हणतो आणि कृष्णाला आधी त्याला दिव्य दृष्टी द्यावी लागते कारण साध्या डोळ्यांनी ते दिसणारच नाही. म्हणजे दाखवणारा आपणहून प्रकट होतो, आणि बघणाऱ्याच्या बाजूने त्यालाच साक्षात्कार म्हणायचं. आता "समुपदेशकाने आत्मप्रकटीकरण केले" असं वाचलं की मला तो खांब फोडून बाहेर आल्यासारखा दिसतो.

पिंपळपान:
खांब 😂 आता डोक्यातून जाणार नाही. पण खरंच माझं अडलेलं वाक्य समुपदेशकाबद्दलच आहे, त्याने स्वतःबद्दल कितपत सांगावं यावर. आणि आत्मकथन, कबुली हे कुठे बसतात?

उगाच_एक:
कबुलीला अपराध लागतो, निदान कबुली देणाऱ्याला तरी तसं वाटावं लागतं. आत्मकथन हा साहित्यातला प्रकार, आणि तिथे ऐकणारा कोण हे कधीकधी फार मजेशीर असतं. दया पवारांचं बलुतं (१९७८) बघा, त्यात दगडू पवार बोलतो आणि ऐकतो दया पवार, माणूस एकच. टिपणात नका घेऊ पण वाचलं नसेल तर वाचा.

वाचनवेडी:
समुपदेशकाचं म्हणाल तर तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली ढकलतात. "माझाही घटस्फोट झालाय" हे झालं स्वतःच्या आयुष्यातलं सांगणं. "तुम्ही हे हसत सांगताय आणि मला ऐकताना गलबलून येतंय" हे आत्ता इथे काय होतंय ते सांगणं. पहिल्याने धीर येतो कधीकधी, पण बऱ्याचदा समोरचा विचारतो अगंबाई तुमचा कधी झाला, मुलं कोणाकडे असतात, आणि उरलेला वेळ समुपदेशकाच्या संसारावर. दुसऱ्यात लक्ष क्लायंटवरच राहतं. माझ्या मते टिपणात हे दोन वेगळे दाखवलेत तर शब्द कुठलाही घेतलात तरी चालेल, आणि हे दाखवलं नाहीत तर कुठलाच शब्द कामाचा नाही.

पिंपळपान:
मग असं करते, शीर्षकात आत्मप्रकटीकरण ठेवते कारण परीक्षेत तेच विचारतात, आणि खाली सगळीकडे साधं "स्वतःबद्दल सांगणं" आणि "नकळत दिसून येणं". जोहरीच्या तक्त्यात झाकलेल्याला गुप्त लिहिलंय ते चालेल ना?

फक्त_वाचक:
गुप्त नको, गुप्त म्हटलं की पहिल्यांदा हेर आठवतो आणि दुसऱ्यांदा भिंतीवरच्या त्या जाहिराती. झाकलेलाच राहू दे.