मदत हवी आहे: घरचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही (पोर्ट फॉरवर्ड केलंय, तेवढं परत सांगू नका)

झुळूक
नमस्कार. जुन्या डेस्कटॉपवर नेक्स्टक्लाउड (आपल्या फाइली आपल्याच सर्व्हरवर ठेवायचं सॉफ्टवेअर) बसवलंय. घरात मस्त चालतं, बाहेरून उघडत नाही. पोर्ट फॉरवर्ड केलंय (बाहेरून आलेली जोडणी राउटरने या डेस्कटॉपकडे वळवावी अशी सेटिंग), फायरवॉल बंद करून पाहिली, राउटर बंद-चालू करून झाला. वडिलांच्या आवाजातल्या कॅसेटी डिजिटल करून त्यावर टाकल्यात. भावंडांना लिंक देऊन बसलेय आणि तिघंही आळीपाळीने "उघडत नाहीये" एवढंच कळवतात. काय राहिलंय ते कुणीतरी नेमकं सांगा, शक्यतो आजच. "गूगल ड्राइव्हवर टाका" हा सल्ला नको, तो मलाही सुचला होता.

कळफलक
"उघडत नाही" म्हणजे काय होतं? लगेच "कनेक्शन रिफ्यूज्ड" येतं, की बराच वेळ गोल फिरून टाइमआउट? रिफ्यूज्ड असेल तर पॅकेट कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोचलं आणि त्याने नाही म्हटलं. टाइमआउट असेल तर कुणी उत्तरच दिलं नाही. दोन्हींचे इलाज वेगळे. पोर्ट कुठलं? लिंकमध्ये कुठला पत्ता दिलाय, आणि तो कुठून घेतला?

निवांत
राउटर उंच जागी ठेवा, भिंतीला चिकटवू नका. २.४ गिगाहर्ट्झवर असाल तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा, हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. मधलं ३ किंवा ४ निवडलंत तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा त्रास. माझ्याकडे जमीन-अस्मानाचा फरक पडला.

झुळूक
निवांत, वायफाय ठणठणीत आहे. सर्व्हर तर केबलने जोडलाय.
कळफलक, टाइमआउट. पोर्ट ४४३. "माझा आयपी काय" सांगणाऱ्या साइटवर जो दिसतो तो पत्ता लिंकमध्ये दिलाय.

वटवाघूळ
हेअरपिनचा घोळ आहे. घरातल्या नेटवर्कमध्ये बसून स्वतःचाच बाहेरचा पत्ता टाकला की बरेच राउटर गोंधळतात, पॅकेट बाहेर काढून परत आत वळवणं त्यांना जमत नाही. हेअरपिन नॅट असलेला राउटर घ्या, प्रश्न मिटला. मी हेच केलं.

कळफलक
वटवाघूळ, भावंडं घरात नाहीत, बाहेर आहेत. त्यांना हेअरपिनचा काय संबंध?

वटवाघूळ
धाग्यात तसं स्पष्ट कुठे लिहिलंय?

झुळूक
शीर्षकात.

जुनाट_मोडेम
झुळूकताई, एक गोष्ट बघा आणि मगच पुढचं काही करा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला बाहेरच्या बाजूचा पत्ता) म्हणून काय दिसतंय? त्या साइटने दाखवलेल्या पत्त्याशी तो जुळतो का? इथे पहिले दोन आकडेच लिहा, पूर्ण पत्ता टाकू नका.

झुळूक
राउटरवर १००.८१ ने सुरू होतो. साइटवर भलताच आहे. म्हणजे राउटर बिघडलाय का?

जुनाट_मोडेम
राउटर धडधाकट आहे. तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीच्या स्तरावरच्या नॅटच्या. नॅट म्हणजे बाहेरच्या एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवणं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. हे पत्ते इंटरनेटवर कुठेच पोचत नाहीत. साइटवर दिसतो तो पत्ता तुमचा नाही, कंपनीच्या एका मोठ्या यंत्राचा आहे, आणि त्याच्या आडोशाला तुमच्यासारखी बरीच घरं आहेत.

ऑफिसचा जुना टेलिफोन बोर्ड आठवा. आतून बाहेर फोन लावणं सोपं, पण बाहेरून बोर्डाच्या नंबरावर फोन आला आणि एक्स्टेंशन सांगितलं नाही, तर ऑपरेटर कुणाला जोडणार? तुम्ही आतून एखादी साइट उघडता तेव्हा ते यंत्र नोंद करतं: या घराच्या या पोर्टवरून गेलेलं पॅकेट मी माझ्या अमुक पोर्टवरून पाठवलं. उत्तर आलं की नोंद बघून तुमच्याकडे पाठवतं. तुमच्या भावाचं पॅकेट ४४३ वर न बोलावता येतं. त्याची नोंदच नाही, म्हणून ते टाकून दिलं जातं. तेही गुपचूप, म्हणून टाइमआउट.

तुम्ही पोर्ट फॉरवर्ड केलंत ते बरोबरच केलंत, पण ते तुमच्या दारावर. पॅकेट त्याआधीच, कंपनीच्या यंत्रावर अडतंय.

वटवाघूळ
इतकी घाई नको. १००.८१ टेलस्केलचाही (दूरदूरचे संगणक एका खाजगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर) असू शकतो, तेही हाच पट्टा वापरतं. आधी ते बसवलंय का विचारा.

जुनाट_मोडेम
टेलस्केल वापरतं हे खरं. पण पत्ता राउटरच्या वॅन बाजूला दिसतोय, संगणकावर नाही.

झुळूक
टेलस्केल काय ते मला माहीतही नाही. राउटर कंपनीनेच दिलाय. मग त्यात पोर्ट फॉरवर्डिंगचं पान ठेवलंय कशाला? आणि मला असं दुय्यम इंटरनेट देण्याचं कारण काय?

जुनाट_मोडेम
कारण पत्ते संपले. आयपीव्ही४ म्हणजे पत्त्यांची जुनी, अजूनही चालू असलेली पद्धत. तिच्यातला पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण साधारण ४२९ कोटी, आणि त्यातलेही बरेच राखीव. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी पाच प्रादेशिक संस्थांना एकेक देऊन टाकले. त्यानंतर ज्याच्याकडे होते त्याच्याकडे राहिले, बाकीच्यांनी एका पत्त्यावर अनेक ग्राहक बसवले. एका पत्त्याला पोर्ट ६५,५३६. ग्राहकाला त्यातला काहीशेंचा किंवा हजार-दोन हजारांचा तुकडा दिला तरी एका पत्त्यात बऱ्याच जणांचं भागतं.

चिकित्सक
अवांतर: पत्ते कमी पडण्याची ही पहिली वेळ नाही. आर्पानेटच्या (इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं जाळं) जुन्या एनसीपी प्रोटोकॉलमध्ये पत्ता ८ बिटांचा होता. ६४ नोड, प्रत्येकावर ४ संगणक, की खेळ खलास. १ जानेवारी १९८३ ला सगळे टीसीपी/आयपीवर, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या प्रोटोकॉलवर गेले तेव्हा कुठे ३२ बिट मिळाले. तेही १९७७ मध्ये प्रयोगापुरते म्हणून ठरवले होते, हे टीसीपी/आयपीचे एक जनक व्हिंट सर्फ स्वतःच सांगत आलेत. प्रयोग संपलाच नाही. असो, तो १ जानेवारी म्हणजे इंटरनेटचा खरा वाढदिवस.

पारवा
वाढदिवस २९ ऑक्टोबर १९६९. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेला "लॉगिन" पाठवायचं होतं, एल आणि ओ गेले आणि पलीकडचा संगणक कोसळला.

चिकित्सक
ते आर्पानेट, एकच जाळं. वेगवेगळी जाळी एकमेकांशी बोलायला लागली तेव्हा इंटरनेट झालं.

निवांत
इंटरनेट टिम बर्नर्स-ली यांनी बनवलं ना?

चिकित्सक
वेब! वेब! १९८९ चा सर्न या युरोपीय संशोधन संस्थेतला प्रस्ताव. इंटरनेट त्याआधीपासून चालू होतं, त्यावर मेल जात होते.

झुळूक
वाढदिवसाचा वेगळा धागा काढा ना कृपया. मला उपाय हवाय. कंपनीला फोन केला होता, मदतकेंद्रातल्या मुलाने राउटर बंद करून चालू करायला लावला आणि "आता यूट्यूब चालतंय का" विचारून तक्रार मिटवली.

शून्य_एक
उपाय आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. नॅट हे ठिगळ आहे. १९९४ चा त्याचा मूळ मसुदा वाचा, त्यातच हा अल्पकालीन उपाय असल्याचं म्हटलंय. आयपीव्ही६ चा मसुदा डिसेंबर १९९८ चा. पत्ता १२८ बिटांचा, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता. राउटरमध्ये आयपीव्ही६ चालू करा, मग सर्व्हरवर पत्ता बघा. एफई८० ने सुरू होणारा नको, तो त्या तारेपुरताच असतो. एफडी ने सुरू होणारा घरगुती. २ ने सुरू होणारा मिळाला तर काम झालं.

वटवाघूळ
म्हणजे घरातला टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा सगळं जगाला उघडं. नॅटमुळे निदान संरक्षण तरी होतं. हा सल्ला धोकादायक आहे.

शून्य_एक
संरक्षण फायरवॉल करते, नॅट नाही. पत्ता खरा असला म्हणजे दार उघडं असतं असं नव्हे. बहुतेक घरगुती राउटर आयपीव्ही६ वर बाहेरून आपणहून आलेलं सगळं अडवतातच. ताईंना फक्त एका यंत्राचं ४४३ मोकळं करायचंय.

वटवाघूळ
"बहुतेक".

शून्य_एक
तुमच्या हेअरपिनपेक्षा बरं.

कळफलक
भांडण पुरे. ताई, फायरवॉल बंद करून पाहिली असं लिहिलंय, ती परत चालू केलीत का? आयपीव्ही६ चालू करण्याआधी ते बघा. आणि दुसरं, भावंडांकडेही आयपीव्ही६ लागेल, एका बाजूला असून भागत नाही. तिघं कुठल्या जोडणीवर आहेत?

झुळूक
केली चालू. दोघं मोबाइल डेटावर. मोठा भाऊ ऑफिसच्या क्वार्टरमधल्या नेटवर, तिथलं मला ठाऊक नाही.

पारवा
मला एक समजत नाही. मी पण १०० च्याच पट्ट्यात आहे आणि व्हिडिओ कॉल तर थेट लागतो. न बोलावता आलेलं पॅकेट टाकून देतात, तर कॉल आत कसा येतो?

जुनाट_मोडेम
छान प्रश्न. कॉल आल्याची वर्दी थेट येत नाही, तुमच्या फोनने कंपनीच्या सर्व्हरशी आधीच जोडून ठेवलेल्या वाटेने येते. मग दोन्ही फोन एका स्टन सर्व्हरला विचारतात, "मी बाहेरून कुठल्या पत्त्या-पोर्टचा दिसतो?" उत्तरं एकमेकांना कळवतात आणि दोघेही एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट सोडतात. दोन्हीकडच्या नॅटमध्ये नोंद तयार होते, समोरून आलेलं पॅकेट उत्तर समजून आत घेतलं जातं. काही नॅट प्रत्येक गंतव्यासाठी वेगळं पोर्ट देतात, तिथे ही युक्ती फसते आणि कॉल टर्न सर्व्हरमधून, म्हणजे मध्ये बसून इकडचं तिकडे पोचवणाऱ्या सर्व्हरमधून जातो. वेब ब्राउझर असली खटपट करत नाही, सरळ ४४३ वर जाऊन दार ठोठावतो.

झुळूक
आयपीव्ही६ झालं. २ ने सुरू होणारा पत्ता मिळाला, राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या यंत्राचं ४४३ मोकळं केलं. मोबाइल डेटावरच्या दोघांना उघडतंय! मोठ्या भावाला नाही. त्याच्याकडे आयपीव्ही६ नाहीच. आता?

शून्य_एक
त्यांच्या ऑफिसला सांगा चालू करायला.

झुळूक
हो, माझ्या भावाच्या कॅसेटीसाठी ऑफिस नेटवर्क बदलेल.

कळफलक
आता वायरगार्ड, म्हणजे दोन यंत्रांमध्ये कूटबद्ध बोगदा काढणारं सॉफ्टवेअर. एक लहानसा सर्व्हर भाड्याने घ्या, ज्याला खरा आयपीव्ही४ पत्ता आहे. घरचा डेस्कटॉप त्याच्याकडे बोगदा काढतो. जोडणी आतून बाहेर जात असल्याने सीजीनॅट आड येत नाही. भाड्याच्या सर्व्हरवर ४४३ ला आलेलं पॅकेट जसंच्या तसं बोगद्यातून घरी सोडायचं. क्लाउड नको म्हणालात म्हणून सांगतो, सर्टिफिकेट घरच्या यंत्रावरच ठेवा. मग मधल्या सर्व्हरला फक्त कूटबद्ध बाइट दिसतात, कॅसेटी नाही. फाइली तर तिथे नसतातच.

एक डोमेन नावही घ्या. ए रेकॉर्ड (नावामागचा आयपीव्ही४ पत्ता) भाड्याच्या सर्व्हरकडे, क्वाड-ए (नावामागचा आयपीव्ही६ पत्ता) घरच्या आयपीव्ही६ कडे. ज्याच्याकडे जे आहे त्या वाटेने तो येईल. पण घरचा आयपीव्ही६ कायमचा आहे असं धरू नका, बऱ्याच कंपन्या पत्त्याचा पुढचा भाग अधूनमधून बदलतात. रेकॉर्ड बदलणारी छोटी स्क्रिप्ट डेस्कटॉपवरच ठेवा, राउटरवर नको. राउटरला स्वतःचा पत्ता कळतो, डेस्कटॉपचा नाही.

वटवाघूळ
एवढं करण्यापेक्षा कंपनीकडून स्थिर सार्वजनिक आयपी मागा. काही जण देतात.

जुनाट_मोडेम
वटवाघूळ यांचं हे मात्र बरोबर. विचारताना "स्टॅटिक" एवढंच म्हणू नका. स्टॅटिक म्हणून १०० च्या पट्ट्यातलाच पत्ता कायमचा बांधून दिला तर उपयोग शून्य. "पब्लिक" हा शब्द लेखी घ्या.

झुळूक
विचारलं. घरगुती जोडणीवर देत नाहीत म्हणे. वायरगार्डच करते.

झुळूक
बोगदा झाला, भावाला उघडलं. पण थोडा वेळ कुणी वापरलं नाही की मरतो. मी घरून भाड्याच्या सर्व्हरला पिंग केलं की परत जिवंत. हे काय आता?

कळफलक
नॅटमधली नोंद पुसली जाते. वायरगार्ड यूडीपीवर (आधी जोडणी न बांधता पॅकेट सोडण्याची पद्धत) चालतं आणि काम नसेल तेव्हा गप्प बसतं. यूडीपीला "संपलं" असा निरोप नसतो, म्हणून नॅट घड्याळ लावून बसतं आणि काही हालचाल दिसली नाही की नोंद काढून टाकतं. घरच्या बाजूच्या कॉन्फिगमध्ये पिअर (पलीकडचं यंत्र) या भागाखाली पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ टाका. दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट जाईल, नोंद ताजी राहील. भाड्याच्या बाजूला टाकायची गरज नाही.

शून्य_एक
आयपीव्ही६ असतं तर हे लागलंच नसतं.

झुळूक
२५ टाकलं, टिकतंय. मनापासून आभार कळफलक आणि जुनाट_मोडेम, शून्य_एक तुमचेही. भावाने पहिली कॅसेट ऐकली आणि लगेच तक्रार, आवाज डाव्याच कानात येतो. मोनो रेकॉर्डिंग एकाच चॅनेलला गेलेलं दिसतंय. सगळ्या फाइलींचं एका फटक्यात दोन्हीकडे कसं करायचं, त्याचा वेगळा धागा काढते. तिथे या.