'नारू' या शब्दाचा अर्थ

जुन्या कौटुंबिक पत्रांत 'नारू झाल्याने महिनाभर अंथरुणाला खिळून आहे' असं वाक्य सापडलं. कारू-नारू मधला नारू तो हाच का?

— नाही, हे दोन वेगळे शब्द. कारू म्हणजे बलुतेदार, नारू म्हणजे अलुतेदार. रोगाचा 'नारू' संस्कृत 'स्नायुक'वरून आलाय, हिंदीत नहरुआ. आमच्याकडे 'नारू झाला' आणि 'नारू निघाला' दोन्ही म्हणत.

— 'निघाला' अगदी शब्दशः खरं. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवांबरोबर अळी पोटात जायची आणि वर्षभराने बहुधा पायावर फोड येऊन हात-दोन हात लांब, शेवयीसारखा कृमी बाहेर पडायचा. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस आडवा. आग शमवायला पायविहिरीत पाय बुडवला की अळ्या पुन्हा पाण्यात, म्हणजे गावाला पुढच्या वर्षीचा नारू तयार.

— मग हा शब्द ऐकू येईनासा का झाला? औषध निघालं?

— औषधही नाही, लसही नाही, आणि तरी गेला. 1980च्या दशकात राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पायविहिरींऐवजी हापसे आले, पाणी दुहेरी फडक्यातून गाळायला शिकवलं, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस हे रसायन टाकलं, गावोगाव रुग्ण शोधले. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. तरी शोध चालूच ठेवला आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2000 साली देश नारूमुक्त ठरवला. जगात 1986च्या सुमारास वर्षाला अंदाजे 35 लाख लोकांना नारू व्हायचा; 2023 मध्ये माणसांतले रुग्ण 14.

'प्रगती वगैरे सब झूठ' असं कोणी म्हणालं की मला हा शब्द आठवतो. हापसा साधं यंत्र, पण तो गावात बसवणारं, दुरुस्त ठेवणारं आणि शेवटच्या रुग्णानंतरही दारोदार विचारत फिरणारं खातं लागतं. दोन्ही जमलं म्हणून आज 'नारू'चा अर्थ विचारावा लागतो. पाणी आणि आरोग्याच्या उरलेल्या दुखण्यांबाबत मी आशा धरतो ती याच बळावर.

— मग कोशात 'एके काळचा रोग' असा शेरा द्यावा?

— भारतापुरता द्यावा. जगासाठी आत्ताच नको; चाडमध्ये कुत्र्यांमध्ये नारू सापडतो, त्यामुळे तिथे कुत्री बांधून ठेवायला सांगतात.