फोलेट लावलेल्या कायटोसान नॅनोकणांचा पीबीएसमध्ये गाळ होतो, पेशींतही फरक दिसत नाही

प्रश्न
मिरकरवाड्याहून आणलेल्या कोळंबीच्या सालीपासून कायटोसान काढलंय. ईडीसी-एनएचएस (जोडणी घडवणारी रसायनं) वापरून त्याला फोलिक ॲसिड (फोलेट) जोडलं आणि टीपीपीने (सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट) नॅनोकण केले. पाण्यात आकार १८० नॅनोमीटर, पण पीबीएसमध्ये (पीएच ७.४ चं खारट बफर द्रावण) घातले की अर्ध्या तासात तळाला गाळ. आरपीएमआय १६४० (पेशी वाढवायचं पोषक द्रावण) मधल्या ए५४९ पेशींवर (फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या) सोडले तर फोलेटवाले आणि साधे कण सारखेच आत जातात. चुकतंय कुठे?

उत्तर १
गाळ होणारच. कायटोसानचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या अमाइनवर धनभार असतो) साधारण ६.५. पीएच ७.४ ला अमाइनवरचा धनभार जवळपास जातो आणि कण एकमेकांना दूर ठेवत नाहीत. त्यात पीबीएसमधले क्षार उरलासुरला भारही झाकतात. फोलेट त्याच अमाइनवर बसतं, त्यामुळे जास्त जोडलंत तर हाल आणखी. ५ ते १० टक्के अमाइन पुरे.

कण करताना कायटोसान १ मिग्रॅ/मिली, १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये, पीएच ४.७ ते ५, आधी गाळून घ्या. १० मिलीत टीपीपी (१ मिग्रॅ/मिली) २ मिली, थेंबथेंब, ढवळणं चालू ठेवून. निळसर दुधी झाक आली की थांबा. पांढरे तंतू दिसले तर टीपीपी जास्त झालं. (कोळंबीत पाणी धरून ठेवायला कारखान्यांत वापरतात तेच हे टीपीपी.)

उत्तर २
पेशींचा घोळ वेगळा आहे. ए५४९ वर फोलेट रिसेप्टर (फोलेट पकडून आत नेणारी प्रथिनं) मुळात कमी, हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी) घ्या. केबी मिळाल्या तरी चालतील, त्याही खरं तर हेलाच. आरपीएमआयमध्ये लिटरला १ मिग्रॅ फोलिक ॲसिड असतं, म्हणजे रिसेप्टर आधीच भरलेले. फोलेटविरहित आरपीएमआयमध्ये निदान आठवडाभर वाढवा.

तरीही धनभारित कण कुठल्याही पेशीच्या ऋणभारित पडद्याला चिकटतात, आणि ते चिकटणं फोलेटचा परिणाम झाकून टाकतं. म्हणून कणांवर पेग (पॉलीइथिलीन ग्लायकॉल) चढवा आणि फोलेट पेगच्या बाहेरच्या टोकाला लावा. याने गाळही आटोक्यात येतो.

पुरावा म्हणून एका प्लेटमध्ये कणांच्या अर्धा तास आधी १ मिलिमोलर सुटं फोलिक ॲसिड घाला. शिरकाव घटला तरच तो रिसेप्टरमार्गे होता असं म्हणता येईल. ४ अंशांवरही एक प्लेट ठेवा. तिथे पेशी कण आत ओढत नाहीत, दिसतं ते फक्त वर चिकटलेलं.

प्रश्नकर्ता
जोडणीनंतर फक्त एक दिवस पाण्यात डायलिसिस (सच्छिद्र पडद्यातून सुटे छोटे रेणू काढणं) केलं होतं. द्रावण पिवळंच होतं.

उत्तर २
मग सुटं फोलेट आतच राहिलं, आणि तेच रिसेप्टर अडवतंय. पीएच ९ ला न्या: कायटोसान खाली बसतं, सुटं फोलिक ॲसिड द्रावणात राहतं. वरचं ओता, पिवळेपणा जाईपर्यंत धुवा, मग डायलिसिस. सगळं अंधारात, फोलिक ॲसिड उजेडात फुटतं.

उत्तर ३
पावसाळ्यात आणखी एक. फ्रीजरमधली ईडीसीची बाटली लगेच उघडू नका. रत्नागिरीच्या दमट हवेत आत पाणी धरतं आणि ईडीसी निकामी होतं. खोलीच्या तापमानाला आली की उघडा. कायटोसानही ओल पितं, तेव्हा ६० अंशांवर वाळवूनच तोला, नाहीतर टीपीपीचं प्रमाण दर वेळी बदलेल.