मदत हवी आहे: मैदानाचं आरक्षण उठवून टॉवर येतोय, हरकत कशी लिहायची?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, समजून घ्या. आम्ही कोथरूडला, पौड रोडच्या आतल्या गल्लीत, तीन मजली जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. मागच्या प्लॉटवर डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे, म्हणजे कागदावर हां, बाकी नुसतं काँग्रेस गवत. परवा शेजारच्या काकांनी पेपरातलं कात्रण आणून दिलं, भिंग लावून वाचावी अशी नोटीस, नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम ३७(१कक) खाली आरक्षण वगळून प्लॉट रहिवास विभागात टाकायचाय. हरकतीला एक महिना, त्यातले १९ दिवस आम्हाला पत्ता नसतानाच गेले!

मेट्रो स्टेशन ५०० मीटरच्या आत, त्यामुळे टीओडी (मेट्रोजवळ जास्त बांधकामाची सवलत) लागणार, रस्ता आणि प्लॉट बघून एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधायचं ते, ४ पर्यंत जातो म्हणे. बिल्डरचा माणूस तर "काकू, बावीस मजले, तुमच्या फ्लॅटचेही भाव वाढतील" म्हणून पेढेसुद्धा देऊन गेला. (खाल्ले. चांगले होते.)

गल्ली नकाशात नऊ मीटर. रविवारी मी आणि मुलाने टेप लावली, इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी लावलेल्या गाड्या सोडून उरतात सव्वाचार. उन्हाळ्यात टँकर रिव्हर्स येतो तेव्हा क्लीनर मागे शिट्टी मारत चालतो आणि आम्ही स्कूटरचे आरसे दुमडत पळतो.

मेट्रोला, नव्या घरांना विरोध नाहीये, आमची मुलंही उद्या घर शोधणारच आहेत, पण म्हणून मैदान? ६० सह्या जमल्यात. एकच पत्र देऊ का? त्यात लिहू काय?

बोळकर:
काकू, दोन गोष्टींची खिचडी करू नका. आरक्षण उठणं वेगळं, इमारतीचा प्लॅन पास होणं वेगळं. आत्ताची नोटीस पहिल्याची, म्हणून जोर मैदानावर द्या: जवळचं दुसरं मैदान किती लांब, पोरं मधला रस्ता कसा ओलांडतात. नोटिशीचा क्रमांक, दिनांक, सर्व्हे नंबर टाका, डीपीचा भाग-नकाशा जोडा. आमच्या वेळी सगळ्यांच्या सह्यांचं पत्र एकच हरकत धरली होती, तेव्हा ६० पत्रं द्या आणि एकाच पत्राच्या झेरॉक्स नकोत, ज्याने त्याने आपल्या शब्दांत लिहा. "सुनावणीला बोलवावे" हे वाक्य हवंच. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

टेप आणि टँकरचे फोटो जपून ठेवा, ते दुसऱ्या, प्लॅनच्या लढाईला. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा वर गेलं तर पर्यावरण मंजुरी लागते, त्या मंजुऱ्यांच्या सरकारी परिवेश पोर्टलवर लक्ष ठेवा, कारण मंजुरी मिळाली की एनजीटीत (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात) अपिलाला ३० दिवसच असतात.

धागाकर्ती:
बापरे, आम्ही अर्ध्या पत्रात टँकरच लिहिला होता. परत बसते. आमच्याकडे चार भाडेकरू आहेत, त्यांनी दिलेली हरकत चालते का?

बोळकर:
चालते, कुणीही देऊ शकतं. त्यांची मुलं खेळतात ना, मग त्यांचीच आधी द्या.