‘औषध बाधलं’ हा प्रयोग केमोला चालतो का?

प्रश्न : केमोनंतर केस गेले, तोंड आलं की आमच्या सोलापुरात सर्रास म्हणतात, ‘औषध बाधलं’. हे बरोबर आहे, की ‘दुष्परिणाम’च म्हणावं?

उत्तर : पाणी बाधतं, शिळं बाधतं, नजरही बाधते. ‘बाधलं’ म्हणजे मानवलं नाही. बदललं की मिटलं. केमोचं तसं नाही. ही औषधं विभागणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कॅन्सरच्या पेशी भराभर विभागतात. पण केसांची मुळं, तोंडाचं नि आतड्याचं अस्तर, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा यांचाही धंदा तोच. म्हणून २-३ आठवड्यांत केस गळू लागतात आणि बऱ्याच औषधांनी ७ ते १४ दिवसांच्या सुमारास पांढऱ्या पेशी तळाला जातात. बार्शीला केमोला जाणारे ‘पेशी कमी भरल्या, परत पाठवलं’ म्हणतात, ते हेच.

प्रतिसाद : थोडक्यात, सुक्याबरोबर ओलंही जळतं!

उत्तर : म्हण चपखल, पण अर्धीच लागू. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे आपलं ‘लाल औषध’, हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं आणि त्या पेशी तर जवळपास विभागतच नाहीत. व्हिंक्रिस्टिनने हातापायाला मुंग्या येतात, कारण पेशी विभागताना लागणारे सूक्ष्म तंतूच ते मोडतं आणि मज्जातंतूंत मालाची ने-आण त्याच तंतूंवरून चालते. उलटी तर बरीचशी मेंदूच घडवतो.

प्रतिसाद : रेडिएशनला इकडे ‘शेक’ म्हणतात. तो शब्द कसा वाटतो?

उत्तर : मला तर झकास वाटतो. शेक जिथं देतात तिथंच लागतो. मावा खाऊन गालाचा कॅन्सर झालेल्याला शेक दिला, तर डोक्यावरचे केस शाबूत राहतात. मात्र लाळग्रंथी वाटेत येतात, लाळ आटते, तोंड सोलतं. मग कडक भाकरी आमटीत कुस्करूनही उतरत नाही आणि शेंगाचटणीचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी. रोज थोडाथोडा देतात तो चांगल्या पेशींना डागडुजीला उसंत मिळावी म्हणून.

प्रतिसाद : मग ‘बाधलं’ बादच?

उत्तर : बाद नको. सलाईन चालू असतानाच अंगावर गांधी उठल्या, दम लागला, तर ते खरं बाधणं. तिथल्या तिथं सिस्टरला हाक मारायची. बाकीच्याला ‘दुष्परिणाम’ म्हणा. ‘सहपरिणाम’ अर्थाला जास्त नेमका, पण वॉर्डात कुणाच्या तोंडी ऐकला नाही. ‘बाधलं’ म्हणून मधेच केमो सोडणारे मात्र ऐकलेत.