राज्यशास्त्र घेतलं, मग पैशाचं कसं जमवलंत? – कोल्हापूरकरांचे अनुभव

बारावीचा निकाल लागला की "कला शाखेला राज्यशास्त्र घेऊ का?" असं विचारणारी मुलं दरवर्षी भेटतात आणि त्यांना दोनच उत्तरं मिळतात. एक, "कलेक्टर होशील." दुसरं, "उपाशी मरशील." या दोन्हींच्या मध्ये जे काही घडतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनी लिहावं. फी किती गेली, पैसे कुठून उभे केले, पहिली कमाई कधी हातात आली. कॉलेजांची नावं नकोत, शक्य तिथं आकडे हवेत. आणि "आवड महत्त्वाची" एवढंच लिहिणार असाल तर कृपया थांबा, ते सगळ्यांना माहीत आहे.

कर सहायक, मूळची कागलची

कॉलेज अनुदानित होतं. तीन वर्षांची फी, परीक्षा शुल्क, एसटीचा सवलतीचा पास, सगळं धरूनही घरी ओझं जाणवलं नाही. खर्च सुरू झाला पदवीनंतर. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, मेस, अभ्यासिका आणि स्पर्धा परीक्षेचा क्लास. नुसत्या क्लासची फी तिन्ही वर्षांच्या कॉलेज फीच्या कितीतरी पट होती. क्लाससाठी बँक शैक्षणिक कर्ज देत नाही, त्यामुळं आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. सोनेतारणाचं दरवर्षी व्याज भरून नवं-जुनं करायचं, आणि पाहुण्यांनी विचारलं की सांगायचं, "पोरीच्या शिक्षणाला आम्ही कर्ज काढलं नाही."

राज्यशास्त्राचा उपयोग झाला. राज्यघटना, पंचायत राज हे भाग वेगळे करावे लागले नाहीत. पण ज्या पदावर निवड झाली तिथं अट होती कुठल्याही शाखेची पदवी आणि टायपिंगचं प्रमाणपत्र! ते टायपिंग मी गावातच शिकले होते.

पुण्याची बॅग भरण्याआधी सारथी, बार्टी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या सरकारी संस्थांपैकी ज्यात बसता तिची प्रवेश परीक्षा द्या. निवड झाली तर प्रशिक्षण मिळतं आणि वर विद्यावेतनही. आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांना ही दारं पुण्यात पोचल्यावर कळली.

ज्याचे हप्ते चालू आहेत

वरच्या ताईंच्या उलट माझं झालं. वडील गोकुळ शिरगावला फाउंड्रीत. मी बाहेरच्या एका खासगी विद्यापीठात बी.ए. राज्यशास्त्र केलं. माहितीपत्रकात धोरण संशोधन, परराष्ट्र सेवा, आंतरराष्ट्रीय संस्था असं बरंच छापलेलं होतं. कर्ज 7 लाख, व्याज साधारण 10 टक्के.

शिक्षण संपून वर्षभर हप्ता नसतो, हे सगळे सांगतात. त्या काळात व्याज चढत असतं, हे कोणी जोर देऊन सांगत नाही. दरवर्षी टप्प्याटप्प्यानं उचललेले 7 लाख हप्ते सुरू होताना 9 लाखांच्या पुढं गेले होते. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला 15 हजार. पहिली नोकरी निवडणुकीच्या सर्वेक्षणाची, पगार 25 हजार आणि करार निकालापर्यंतचा. मतमोजणी झाली, नोकरी संपली. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते म्हणून अनेकांनी समाधान केलं. अहो, कर लागण्याइतकं उत्पन्न असेल तर सवलत!

आता डेटाचं काम करतो, पगार बरा आहे. ते काम मिळालं एक्सेल आणि संख्याशास्त्र येत होतं म्हणून. विषय वाईट नव्हता, काही प्राध्यापक तर फार चांगले होते. पण तोच विषय बिंदू चौकापासून चालत जाता येईल अशा कॉलेजात शिकता आला असता, तिथली फी माझ्या एका हप्त्यात भागली असती. ज्यांना बाहेर जायचंच आहे त्यांनी निदान शिकत असताना दरमहा व्याज भरावं. मुद्दल फुगत नाही, आणि बऱ्याच बँका त्याबद्दल व्याजात 1 टक्का सूटही देतात.

तासिका तत्त्वावर शिकवणारा

एम.ए. शिवाजी विद्यापीठात, 'कमवा आणि शिका'त राहून. सकाळी काम, दिवसा वर्ग, रात्री ग्रंथालय. कर्ज शून्य. त्या योजनेबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे.

पुढचं ऐका. सेट, म्हणजे प्राध्यापकीची राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा, पास झालो. नेट ही देशपातळीवरची. नेट-सेट म्हणजे पात्रता, नोकरी नव्हे, हे मुलांना कुणीतरी प्रवेशाच्या दिवशीच सांगायला हवं. भरती निघेपर्यंत तासावर मानधन. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीत काही नाही, परीक्षेच्या काळात काही नाही, आणि एका ठिकाणी सत्राचं मानधन पुढचं सत्र निम्मं झाल्यावर जमा झालं. दोन तालुक्यांतली दोन कॉलेजं करतो, पेट्रोल माझं. लग्नाच्या बैठकीत "प्राध्यापक" म्हणून ओळख करून देतात तेव्हा मी चहाकडं बघतो.

प्राध्यापकीच करायची असेल तर नेट देताना जेआरएफचं, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचं, लक्ष्य ठेवा. 2023 पासून ती शिष्यवृत्ती महिन्याला 37 हजार आहे, माझ्या कुठल्याही महिन्याच्या मानधनापेक्षा जास्त. कनिष्ठ महाविद्यालयात जायचं तर एम.ए.बरोबर बी.एड. लागतं, म्हणजे आणखी दोन वर्षं. ही वर्षं धरूनच हिशेब मांडा.

वकील, राजारामपुरी

बी.ए. राज्यशास्त्र, मग तीन वर्षांची एलएल.बी. फीपेक्षा नंतरचा काळ महाग पडतो. ज्युनिअर असताना सिनिअर जे देतात त्यात गाडीचं पेट्रोल आणि मुंबईच्या एखाद-दुसऱ्या फेरीचं तिकीट निघतं, बस्स. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं, त्यामुळं फेऱ्या वाचल्या आणि नव्या मुलांना इथंच काम दिसू लागलं. सहा जिल्ह्यांची प्रकरणं येतात. तरी पहिली तीन-चार वर्षं घरातून जेवण मिळणार असेल तरच या वाटेला या. मुलींनी एक पाहावं : 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क राज्य सरकारनं 2024 मध्ये माफ केलं. साधं बी.ए. त्यात येत नाही.

भुदरगडचा एक बाप

पोरगीनं हे सगळं वाचून दाखवलं, म्हणून तिच्याच मोबाईलवरनं लिवतोय. थोरला इंजिनिअर झाला, त्याचं कर्ज अजून फिटायचंय, आणि नोकरी शिरोलीत कंत्राटी. त्याला कुणी विचारलं नाही की कमाई किती. पोरगी राज्यशास्त्र म्हणाली की सगळा गाव विचारतोय, "मिळणार काय?"

आमची अडचण निराळीच हाय. फी भरायची जून-जुलैला, आणि उसाचं बिल येतंय हंगामात. ते पण सोसायटीचं कर्ज कापून. शिष्यवृत्तीचा अर्ज करतोय, पण पैसं खात्यावर येईस्तोवर वरीस सरतंय, तवर पदरचं घालायचं. दर सालची हातउसनवारी त्या दोन महिन्यांचीच. मेसचं म्हणाल तर दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर निघतंय.

पोरगी पदवीनंतर बाहेर शिकायला जाणार म्हणती. आमचं पीककर्ज हाय, बँक दुसरं देईल का? आणि जमीन लिहून द्यायला लागंल का?

निवृत्त बँक कर्मचारी

काका, पीककर्ज असणं आड येत नाही, थकलेलं असणं आड येतं. सहकर्जदार म्हणून तुमचंच नाव लागणार, त्यामुळं सोसायटी, पतसंस्था, गाडीचा हप्ता, कुठं तुम्ही जामीन असाल तेही, सगळं बँक तपासते. साधारणपणे 4 लाखांपर्यंत मार्जिन, म्हणजे खर्चातला स्वतःचा वाटाही लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, म्हणजे जमीन मध्ये आणू नका. कोणी शाखेत "सातबारा आणा" म्हणालंच तर योजनेचं नाव विचारा आणि नकार लेखी मागा.

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करायचा. कॉलेज मान्यताप्राप्त आहे का आणि वसतिगृहाचा खर्च कर्जात धरला आहे का, हे प्रवेश घेण्याआधी बघा. बऱ्याच घरांत फी कर्जातून जाते आणि खोलीभाडं खासगी सावकाराकडून.

आणि मुलीला सांगा, जिथं जायचं ठरेल तिथल्या मागच्या दोन बॅचमधल्या मुलींना थेट फोन करून पगार विचार. माहितीपत्रकात सर्वांत मोठा पगार छापतात. तिनं मधल्या पगाराच्या मुलीला विचारावं.

भुदरगडचा एक बाप

थकबाकी नाही. एका भावकीतल्याला मोटरसायकलला जामीन हाय, त्याचं उद्याच बघतो.